अमेरिकी सैन्यात पुन्हा भरती: आधी रकाना २७ बघा

रिक्रूटरला (भरती करणाऱ्या अधिकाऱ्याला) भेटण्याआधी डीडी-२१४, म्हणजे सैन्यातून बाहेर पडताना मिळालेला सेवामुक्तीचा दाखला, काढा, तीही ‘मेंबर-४’ प्रत. ‘मेंबर-१’वर सेवामुक्तीचं कारण आणि कोड नसतात, त्यामुळे ती घेऊन गेलात तर काम तिथेच अडतं. प्रत हरवली असेल तर एसएफ-१८० (सैनिकी नोंदी मागण्याचा अर्ज) भरून सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरकडे ‘अनडिलीटेड’ (काहीही न वगळलेली) प्रत मागा.

आता दाखल्याच्या रकाना २७ मधला आरई कोड, म्हणजे पुन्हा भरती होता येईल का ते सांगणारा कोड. सेवामुक्ती ‘ऑनरेबल’ (सन्मानपूर्वक) असली म्हणजे वाट मोकळी, असं नाही. कोड वेगळा असू शकतो. आरई-१ला सहसा अडचण येत नाही. आरई-३ला वेव्हर (नियमातून सूट) लागतो. रकाना २८ मध्ये जे कारण लिहिलंय, नेमकं तेच मिटल्याचे कागद जोडा. शिफारसपत्रांची चळत त्यापुढे फिकी, असं माझं मत. वेव्हर द्यायचा की नाही, हे त्या दलाच्या गरजेवरही ठरतं. आरई-४ असेल तर रिक्रूटरच्या हातात जवळपास काही उरत नाही.

नोंदच चुकीची असेल तर डीडी-१४९ भरून रेकॉर्ड दुरुस्ती मंडळाकडे जायचं; चूक लक्षात आल्यापासून ३ वर्षांची मुदत, न्यायहितासाठी उशीर माफ होऊ शकतो. सेवामुक्तीचा शेरा किंवा कारण बदलून हवं असेल तर डीडी-२९३, १५ वर्षांच्या आत. जुनी सेवा मात्र लपवू नका: ती फसवून केलेली भरती ठरते.