दिल्लीला निघताना बॅगेत काय भरायचं

बॅग भरायला बसलात की आधी पायमोजे काढून ठेवा, महिना कुठलाही असो. दिल्ली बघताना चपला-बूट सारखे बाहेर काढून ठेवावे लागतात. मे महिन्यात जामा मशिदीच्या अंगणातला दगड असा तापतो की अनवाणी दहा पावलं टाकवत नाहीत, तिथे साधे सुती मोजे कामाला येतात. जानेवारीत नेमकं उलट. बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात आत जाताना पाय धुवायला उथळ पाण्यातून चालत जायचं असतं आणि पुढे सगळा संगमरवर. आई दर्शन घेऊन बाहेर आली तेव्हा तिच्या पायांची बोटं बधिर झाली होती. तेव्हापासून खांद्यावरच्या पिशवीत एक छोटा नॅपकिन आणि कोरड्या मोज्यांचा जोड असतोच. त्याच पिशवीत एक मोठी सुती ओढणी किंवा पंचा ठेवा. गुरुद्वाऱ्यात डोकं झाकायला, मशिदीत आणि अक्षरधामला खांदे झाकायला, आणि उन्हाळ्यात तोंडाला गुंडाळायला तोच कामी येतो. बूट सैल, चटकन काढता-घालता येणारे हवेत.

आता थंडी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत जाणार असाल तर पुण्या-नाशिकच्या थंडीवरून अंदाज बांधू नका. आपल्याकडे पहाट कितीही गार असली तरी दहा वाजता ऊन येतं. तिथे धुकं बसलं की दिवसभर सूर्य दिसत नाही, भर दुपारीही पारा १५च्या आसपास घुटमळतो आणि रात्री ४-५ अंशांपर्यंत उतरतो. घरात तर बाहेरपेक्षाही गार वाटतं, फरशीवर पाय ठेवायला नको होतं. म्हणून एकच जाडजूड जाकीट नेण्यापेक्षा अंगालगत थर्मल, त्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, मग स्वेटर आणि सगळ्यांवर वारा अडवणारं जाकीट असं एकावर एक घाला. मेट्रोत गर्दीत उकडलं तर वरचा एक कपडा काढता येतो. साडी नेसणाऱ्यांनी परकराच्या आत गरम लेगिंग घालावी आणि लांब बाह्यांचा लोकरी ब्लाउज शिवून घ्यावा किंवा विकत घ्यावा. नुसत्या शालीने पोटऱ्या आणि मनगटं उघडी राहतात, आणि थंडी तिथूनच शिरते. कानटोपी हवीच, मफलर पर्यायी. घरात घालायला बंद स्लिपर न्या. स्वेटर नसेल तर केवळ या सहलीसाठी महागडा घेऊ नका, नातेवाइकांकडून मागून न्या. मी आजही मावसभावाचं जाकीट नेतो.

नोव्हेंबर आणि फेब्रुवारी फसवे असतात. दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट पुरतो, पण दिल्ली समुद्रापासून लांब असल्याने सूर्य कलला की हवा झपाट्याने गार होते. सकाळी हॉटेलातून निघताना ऊन बघून स्वेटर खोलीवर ठेवायचा मोह होईल. ठेवू नका, कमरेला बांधा. दिवाळीच्या पुढेमागे जाणार असाल तर धुरासाठी चांगला एन-९५ मास्क कपड्यांइतकाच गरजेचा आहे, दम्याच्या माणसाला तर नक्कीच.

मे-जूनमध्ये बिनबाह्यांचे कपडे घ्यावेसे वाटतात, पण तिथली लू कोरडी आणि भाजणारी असते. पारा ४५पर्यंत गेलेला असताना उघड्या हाताला झळ थेट बसते. फिक्या रंगाचे, सैल, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि टोपी घ्या, जीन्स घरीच राहू द्या. जुलै-ऑगस्टमध्ये चिकचिक असते. पटकन वाळणारे कपडे आणि छत्री एवढं पुरे.

बॅगेत थोडी जागा मोकळी ठेवा. सरोजिनीनगरच्या बाजारात स्वस्त कपडे खूप मिळतात, फक्त सोमवारी तो बंद असतो. शेवटचं, थंडीत मुंबईला परतताना एक पातळ सुती शर्ट बॅगेत अगदी वर ठेवा. नवी दिल्लीहून संध्याकाळी थर्मल घालून राजधानीत बसलेला माणूस सकाळी बोरिवलीला उतरताना घामाघूम होतो, आणि तेव्हा गाडीत बॅग उपसायला वेळ नसतो.