गोव्याहून थंड मुलखात: पहिल्या हिवाळ्याची तयारी

पणजीत जानेवारीच्या पहाटे पारा २० अंशांच्या आसपास आला की आपण स्वेटर शोधतो. टोरांटोत त्याच महिन्यात तो उणे १०पर्यंत सहज उतरतो. अशा थंडीत कपडे किती चढवले यापेक्षा अंगालगतचा कपडा कोरडा राहिला का, हे आधी बघायचे.

म्हणून सुती बनियन घरीच ठेवा. सूत घाम पिते आणि ओलेच राहते. तो ओलावा अंगातली ऊब ओढून घेतो. आत मेरिनो लोकरीचे किंवा पॉलिस्टरचे अंगासरशी बसणारे थर्मल, त्यावर फ्लीस म्हणजे मऊ लवदार कापडाचा उबदार सदरा, सर्वांत बाहेर वारा-पाणी अडवणारे टोपीचे जाकीट. थर्मलचे दोन-तीन जोड इथून न्या, जाकीट मात्र तिथेच घ्या. इथे मिळतात ती बहुधा मनालीच्या सहलीपुरती असतात. बसमध्ये किंवा दुकानात शिरताच झिप उघडा, टोपी काढा. नवखे लोक तापलेल्या बसमध्ये तसेच बसून राहतात, घामेजतात आणि उतरल्यावर कुडकुडतात.

बूट जाड मोजा घालूनच मापून घ्या. आत बोटे हलली पाहिजेत. तंग बुटात दोन-दोन मोजे कोंबले की रक्त नीट खेळत नाही आणि पाय उलट गार पडतात. निघताना वाराही बघा: उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असेल, तर उघड्या त्वचेला उणे २०सारखी थंडी लागते.

घरात अडचण वेगळी. आपली कातडी दमट हवेत वाढलेली आणि कडक थंडीत हीटर लावलेल्या खोलीतली आर्द्रता ३० टक्क्यांच्याही खाली जाते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येते. कढत पाण्याची लांबलचक अंघोळ सोडा. कोमट पाणी, दहा मिनिटे पुरे. अंग टिपून ओलसर असतानाच जाड क्रीम लावा. खोबरेल न्यायचे तर रुंद तोंडाच्या बरणीत न्या. २४ अंशांच्या खाली ते थिजते आणि अरुंद बाटलीतून निघत नाही. थिजलेले तेल बिघडलेले नसते.

इंग्लंडात, स्विंडनसारख्या गोंयकारांच्या गावी, याच्या उलटही होते. लहान खोलीत माणसे जास्त, कपडे आतच वाळत घातलेले, खिडक्या बंद. मग काचा पाझरतात आणि भिंतीला आपल्या पावसाळ्यातल्यासारखी बुरशी धरते. सकाळी काचा पुसा, दहा मिनिटे खिडकी उघडा, कपाट बाहेरच्या भिंतीपासून थोडे लांब ठेवा, खोली १८ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. उबेसाठी कोळशाची शेगडी खोलीत कधीही पेटवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने झोपेतच जीव जातो.

ऊन कमी म्हणून ड जीवनसत्त्वही लागते. ब्रिटिश आरोग्यसेवेचा सल्ला हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅमचा आहे. सावळ्या त्वचेच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा.

बोटे, कान किंवा नाक बधिर होऊन पांढरट वा राखाडी दिसू लागले, तर ताबडतोब आत या. चोळू नका, हीटरसमोर धरू नका: बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. बोटे ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवा आणि पाण्याची ऊब दुसऱ्या कुणाला तरी कोपराने पाहायला सांगा. पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, तर मात्र वितळवू नका. तसेच झाकून दवाखाना गाठा. फोड आले किंवा संवेदना परतली नाही, तरी डॉक्टरांकडे जायलाच हवे.