उरलेला भात म्हशीला घालू नका! जनावराच्या पोटाबाबतच्या या चुका टाळा

करवीर आणि पन्हाळा तालुक्यांतल्या गोठ्यांवर उपचार करत फिरताना बावीस वर्षं गेली. लग्नसराईत फोन ठरलेला असतो. "डॉक्टर, म्हस वैरण खाईना झालीया." काल काय घातलं होतं विचारलं की पलीकडे क्षणभर गप्प. मग हळूच, "कार्यातला भात उरला हुता थोडा."

थोडा म्हणजे दोन बुट्ट्या.

पन्हाळ्याकडच्या एका वाडीवरची दुसऱ्या वेताची मुऱ्हा म्हैस अजून डोळ्यांसमोर आहे. रात्री तिच्यापुढे भात, बुंदी, चपात्या ओतल्या होत्या. सकाळी मी पोहोचलो तेव्हा डावी भकाळी, म्हणजे बरगड्यांमागची खळगी, टम्म होती आणि मुठीनं हलवली की घागरीतल्या पाण्यासारखं आत हिंदकळत होतं. डोळे खोल गेलेले, शेण पातळ आणि आंबूस. नळी घालून पोटातलं पाणी काढलं, त्यात सामूची (pH, आंबटपणा मोजायची) पट्टी बुडवली, तर पाचाच्याही खाली. निरोगी जनावरात तो सहा ते सात असतो. सलाईन लावलं, सोडा दिला, निघेल तेवढं पोट रिकामं केलं. दिवस मावळताना ती गेली. घरची आजी तिच्या मानेवर हात ठेवून एकच म्हणत होती, "भातच घातला हुता, इख न्हाई."

त्या आजीला तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगतो. आपण भात खातो तेव्हा लाळेपासूनच त्यातलं पिष्ट तुटू लागतं. पुढे लहान आतड्यात स्वादुपिंडाच्या रसानं त्याची साखर होते आणि ती रक्तात जाते. म्हशीच्या पोटात मात्र अन्न आधी कोटीपोटात, म्हणजे चार कप्प्यांतल्या पहिल्या कप्प्यात पडतं. हा शंभर लिटरहून मोठा हौद. त्यात तिचा स्वतःचा पाचकरस नसतो, सगळं काम जिवाणूंचं. आपल्याला कधीच न पचणारा कडबा ते आंबवतात, त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर ती जगते. पुढे हेच जिवाणू वाहत चौथ्या कप्प्यात जातात आणि तिथे तेच पचून तिला प्रथिनं मिळतात. म्हणजे आपण वैरण घालतो ती आधी जिवाणूंना. एकदम बुट्टीभर भात पडला की पिष्टावर वाढणारे जिवाणू माजतात, लॅक्टिक आम्लाचा पूर येतो, कडबा पचवणारे मरतात. अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. त्या म्हशीचे डोळे खोल गेले होते ते त्यामुळेच.

उरलेला भात मी खतखड्ड्यात टाकायला सांगतो. कुणी "मूठभर तरी?" विचारलं तरी माझं उत्तर नाहीच असतं, कारण मुठीची बुट्टी व्हायला वेळ लागत नाही. जनावरानं आधीच खाल्ला असेल तर ते ठणठणीत दिसत असतानाच डॉक्टरला बोलवा, सकाळची वाट बघू नका.

हीच गत नव्या पोरांच्या गोठ्यात. कर्ज काढून चार म्हशी आणायच्या आणि दूध वाढावं म्हणून आठवड्यात पेंड दुप्पट करायची. जिवाणूंना बदल पचवायला दोन-तीन आठवडे लागतात. मी रोज ओंजळभरच वाढवायला सांगतो. ज्याला तेवढा धीर नाही त्यानं म्हैस पाळू नये, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी चूक मला याहून जास्त छळते. पोट फुगलं की चौघं मिळून जनावराची जीभ ओढतात, तोंड आभाळाकडे करतात आणि बाटलीभर गोडेतेल ओततात. जीभ धरली की तिला गिळता येत नाही, तेल फुप्फुसात जातं. फुगलेलं पोट उतरतं आणि जनावर न्यूमोनियानं दगावतं. जीभ सोडा, मान पाठीच्या रेषेतच ठेवा, गालाच्या कोपऱ्यातून घोटघोट पाजा, ठसका लागला की थांबा. डॉक्टर येईतोवर कडुनिंबाची काठी तोंडात आडवी बांधा. ती चघळते, लाळ सुटते, ढेकर येतात.

दवानं भिजलेला लसूणघास उपाशीपोटी घालू नका, फेस धरतो आणि वायू आत अडकतो. आधी कडबा.

नुसत्या उसाच्या वाढ्यावर जनावर ठेवू नका. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, क्षारमिश्रण हवंच.

रेडकाला नळ्यानं दूध ओतू नका. चोखताना दूध थेट चौथ्या कप्प्यात जातं, ओतलेलं कोटीपोटात पडून नासतं.

वैरणीतली तार वेचा. ती जाळीपोटात, म्हणजे दुसऱ्या कप्प्यात अडकते आणि तिथून काळीज हाताच्या अंतरावर असतं.

आणि माणसांसाठी एक. तांबडा-पांढरा ओरपून वर सोड्याची बाटली प्यायली की ढेकर येतो, तो बाटलीतल्या वायूचा असतो. मटण पचायला जठराला तास लागायचे ते लागतातच.

रोज संध्याकाळी धार काढल्यावर डाव्या भकाळीत मूठ दाबून दोन मिनिटं उभे राहा. आतून दोन-तीन वेळा लाट येऊन मूठ उचलली गेली पाहिजे. नाही आली तर रात्री दोन वाजता फोन करा, मी उचलतो.