व्हेरिएशनल मेथडने एलिप्टिक सिस्टीम सोडवताय? या चुका टाळा

एका समीकरणाला माउंटन पास (एनर्जीच्या डोंगरातली खिंड शोधून सोल्यूशन मिळवायची पद्धत) नीट लागला की वाटतं, यू आणि व्ही अशा दोन अज्ञात फंक्शन्सची गुंतलेली सिस्टीम म्हणजे तेच दोनदा लिहायचं, पण तसं नसतं हो.

आधी फंक्शनल, म्हणजे जिचे क्रिटिकल पॉइंट (डेरिव्हेटिव्ह शून्य होतं त्या जागा) हीच सोल्यूशन्स असतात अशी एनर्जी, आहे तरी का ते बघा. पहिल्या समीकरणाची उजवी बाजू व्हीने डिफरन्शिएट करा, दुसऱ्याची यूने, उत्तर एकच यायला हवं. समजा उजवीकडे यू³ + 2यूव्ही² आणि व्ही³ + 3यू²व्ही आहे, तर एकीकडून 4यूव्ही येतं, दुसरीकडून 6यूव्ही. लगेच सोडून देऊ नका, दुसरं अख्खं समीकरण 2/3 ने गुणा, जुळतं.

आता सगळ्यात मोठी चूक, जी प्रूफ वाचताना पटकन दिसतच नाही. क्रिटिकल पॉइंट शून्य नाही एवढं दाखवून लोक थांबतात, पण तो (यू, 0) असू शकतो ना, म्हणजे तुम्ही जुनं एकच समीकरण परत सोडवलंत! बोस-आइनस्टाइन कंडेन्सेटमधली (अतिथंड अणूंच्या ढगाची) सिस्टीम घ्या, तीन मितींत, डावीकडे −Δयू + यू (Δ म्हणजे लाप्लासियन), उजवीकडे यू³ + बीटा·यूव्ही², आणि व्हीसाठी तसंच. एकट्या समीकरणाच्या ग्राउंड स्टेटची (सगळ्यात कमी एनर्जीच्या, शून्य नसलेल्या सोल्यूशनची) एनर्जी ई धरा. दोन्ही घटक सारखे घेतले तर त्यालाच √(1+बीटा) ने भागून सोल्यूशन मिळतं आणि त्याची एनर्जी येते 2ई/(1+बीटा). बीटा 3 असेल तर ई/2, मस्त, पण बीटा 1/2 असेल तर 4ई/3, म्हणजे ई पेक्षा जास्त, मग माउंटन पासची लेव्हल तुम्हाला (यू, 0) सारख्या अर्धवट सोल्यूशनवरच नेऊन सोडणार. अशा वेळी नेहारीची एकच अट (फंक्शनलचं (यू, व्ही) च्याच दिशेने डेरिव्हेटिव्ह शून्य) पुरत नाही, यू आणि व्हीसाठी वेगवेगळ्या दोन अटी लावा आणि रेडियल फंक्शन्समध्येच (फक्त केंद्रापासूनच्या अंतरावर अवलंबून असलेल्या) मिनिमाइझ करा. रेडियल का, तर पूर्ण स्पेसवर सिक्वेन्स सरकत सरकत अनंताकडे निघून जातो आणि कॉम्पॅक्टनेस, म्हणजे त्यातून कन्व्हर्ज होणारी सबसिक्वेन्स मिळण्याची खात्री, हातची जाते.

पॅले-स्मेल कंडिशन (एनर्जी बाउंडेड आणि डेरिव्हेटिव्ह शून्याकडे जाणाऱ्या सिक्वेन्समधून कन्व्हर्ज होणारी सबसिक्वेन्स मिळते ही अट) 'सहज दिसते' असं तर लिहूच नका. बाउंडेडनेस वेगळा दाखवा, त्यासाठी अँब्रोसेटी-राबिनोविट्झची 1973 ची अट (नॉनलिनिअर भाग वर्गापेक्षा वेगाने वाढतो अशी) बऱ्याचदा कामी येते, आणि स्ट्राँग कन्व्हर्जन्स वेगळा. एक चाचणी मला फार आवडते: बॉलवर, तीन मितींत, बाउंड्रीवर शून्य ठेवून उजवीकडे फक्त यू⁵ घ्या आणि आपलं प्रूफ तिथे चालवून बघा. चाललं तर प्रूफ चुकलंय, कारण तिथे पॉझिटिव्ह सोल्यूशन नसतंच, हे पोहोझाएव्हने 1965 मध्येच दाखवलंय.

आणि यूच्या समीकरणात उजवीकडे फक्त व्ही, व्हीच्यात फक्त यू असेल तर माउंटन पास विसरा. तिथे फंक्शनलमध्ये दोन ग्रेडियंटचा गुणाकार येतो, (यू, यू) दिशेला तो भाग पॉझिटिव्ह, (यू, −यू) दिशेला निगेटिव्ह, दोन्हीकडे अनंत मिती, त्यामुळे सरळ लिंकिंगकडे (एकमेकांत अडकलेल्या दोन सेट्सवरून क्रिटिकल पॉइंट शोधायच्या पद्धतीकडे) वळा.