शनिवारची शाळा बोडीच्या पाळीवर

शाळेत रुजू होऊन मला वर्ष होत आलं होतं. मार्च महिना. तिसरी-चौथीच्या मुलांना मी निसर्गाचं चित्र काढायला सांगितलं. तेवीस कागद जमा झाले आणि तेवीसही कागदांवर दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळण घेत येणारी नदी, कडेला नारळाचं झाड. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातलं. गावात नारळ एकही नाही. वर्गाच्या खिडकीतून दिसतात धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, त्यापलीकडे बोडी, म्हणजे छोटं तळं, आणि बोडीच्या पाळीवर, तिच्या मातीच्या बांधावर, रांगेनं उभे मोह. वर्गातल्या निम्म्या मुली त्या दिवशी पहाटे चारला उठून मोह वेचून आल्या होत्या. कागद देताना त्यांच्या हातांना तो गोडसर, डोक्यात चढणारा वास येत होता.

मी एकीला विचारलं, "तुझं मोहाचं झाड कुठाय यात?"

"मॅडम, मोव का निसर्ग हाय?" ती म्हणाली. "थे तं आमचं काम हाय."

त्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दर शनिवारी मी मुलांना घेऊन बोडीवर जाते. काय केलं की जमतं आणि काय केलं की फसतं, हे आता थोडंफार कळलं आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या माझ्या सोबत्यांसाठी, अंगणवाडीताईंसाठी आणि स्वतःच्या लेकरांना घेऊन हे करू पाहणाऱ्या आईबापांसाठी लिहिते आहे.

आधी थोडं संशोधनाबद्दल. माझा भाचा विद्यापीठात शिकतो, तो मला इंग्रजी लेख पाठवतो आणि मी शब्दकोश घेऊन ते वाचते. अमेरिकेतल्या लुईस चावला यांनी केंटकी आणि नॉर्वे इथल्या ५६ पर्यावरण कार्यकर्त्यांना विचारलं, की तुम्ही या कामाकडे वळलात कसे. १९९९ साली त्यांनी जे मांडलं त्यात दोन उत्तरं सगळ्यांत जास्त वेळा आली होती. लहानपणी एखाद्या रानात, नदीकाठी घालवलेला वेळ, आणि घरातलं कुणीतरी मोठं माणूस, ज्याचा त्या जागेवर जीव होता. पुढे २००६ मध्ये नॅन्सी वेल्स आणि क्रिस्टी लेकीज यांनी २००० हून जास्त प्रौढांची माहिती तपासली. वयाच्या अकराव्या वर्षाच्या आत जी मुलं रानात भटकली, खेळली, मासे धरायला गेली, त्यांच्यात मोठेपणी निसर्गाबद्दलची आस्था जास्त दिसली. फुलं तोडणं, रोपं लावणं याचाही संबंध दिसला, पण त्याहून कमी. हे अभ्यास मोठ्यांच्या आठवणींवर उभे आहेत, त्यामुळे अमुक केलं की तमुक होईलच असं त्यातून ठरत नाही. तरी ते वाचताना मी थबकले. मासे धरणं, रानात भटकणं हे तर आमची पोरं रोजच करतात. मग आमचं नेमकं काय राहून जातं?

माझं उत्तर असं आहे. शहरातल्या मुलाला निसर्गापर्यंत न्यावं लागतं. आमच्या मुलाकडे तो आहेच, पण शाळेच्या दारात पाय ठेवताना मूल तो बाहेर काढून ठेवतं, चपलेसारखा. शाळेत चालतं ते डोंगर-नारळाचं चित्र, हे त्याला पहिलीतच कळतं. सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं आणि २००३ मध्ये पुन्हा बजावलं. तिसरीपासून परिसर अभ्यासाचं पुस्तक आहेच. पण पुस्तकातला परिसर आणि पोराचा परिसर यांची गाठ आपण घालून द्यायची असते. मी मूळची वर्धेकडची, पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या मुलखातली. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तिथून गांधीजींची नई तालीम उभी राहिली. हाताच्या कामातून शिकणं, हे आम्ही डी.एड.ला गुणांसाठी पाठ केलं होतं. "थे तं आमचं काम हाय" ऐकलं तेव्हा ते पाठांतर मला पहिल्यांदा खरं वाटलं.

जागा कोणती घ्यायची

शाळेपासून पायी दहा मिनिटांच्या आत असेल ती. नागझिरा किंवा नवेगावची सहल वर्षातून एकदा जरूर काढा, मुलांना तो दिवस जन्मभर आठवतो. पण सहलीनं ओळख होते, ओढ लागायला एकाच जागी पुन्हा पुन्हा जावं लागतं. बोडी, मामा (माजी मालगुजारी) तलाव, देवराई, ओढा, पांदण, गावठाणातलं चिंचेचं झाड, काहीही चालेल. आमच्या भागात गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं बांधलेले तलाव आहेत, म्हणून मी पाणी निवडलं. यवतमाळकडे असाल तर धुरा, म्हणजे शेताचा बांध घ्या. धुऱ्यावरच्या बोरी-बाभळीत एका वर्षाला पुरून उरेल इतकं आहे.

वार शनिवार. सकाळची शाळा असते आणि सरकारच्या आनंददायी शनिवारच्या उपक्रमात हे बसतं. परिपाठ झाला की निघायचं, पाऊण तासात परत. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, म्हणजे सुरुवात नेमकी चिखलात होते. होऊ द्या. रोवणीच्या (धान लावणीच्या) दिवसांत बांधीच्या कडेनं चालत जाणं हाच अर्धा पाठ आहे.

झाडाची वही

पहिल्या शनिवारी प्रत्येकानं एक झाड निवडायचं. आपण वाटून द्यायचं नाही. एका झाडाला तिघंजण झाले तरी हरकत नाही. रोप लावून घेऊ नका, उभं असलेलं झाडच घ्या. वृक्षदिंडीत फोटोसाठी लावलेली आमची शंभर रोपं जानेवारीत एकही जिवंत नव्हती, आणि ती वाळताना मुलांनी रोज पाहिली. आपलं म्हणून जे दिलं तेच मरतं, असा धडा आठ वर्षांच्या मुलाला देऊ नये.

शंभर पानी वही, दर शनिवारी एक पान. वर तारीख, मग चार गोष्टी: पानं कशी आहेत (कोवळी, जून, गळती), फूल, फळ, आणि झाडावर कोण आलं होतं. खाली एका गोष्टीचं चित्र, अख्ख्या झाडाचं नाही. एक पान, एक मुंगळा, सालीचा एक तुकडा. सीझनवॉच नावाच्या देशभरातल्या उपक्रमातही हेच करतात, एकच झाड दर आठवड्याला पाहून नोंद करतात. तुमच्या मुलांच्या नोंदी तिथे पाठवता येतात.

या वहीला गुण द्यायचे नाहीत आणि शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं काढायच्या नाहीत. मी पहिल्या वर्षी काढल्या. दिवाळीनंतर सगळ्या वह्यांमध्ये एकसारखं वाक्य येऊ लागलं, "झाड हिरवे आहे." पेन खाली ठेवल्यावर महिन्याभरानं एका वहीत आलं, "मुंग्या खाल्तून वर जाताना रिकाम्या आणि येताना जाड्या होत्या."

पाळीवर गेल्यावर

पहिली पाच मिनिटं गुपचूप बसायचं. आपणही बसायचं, मोबाइल शाळेत ठेवून. मग एकच प्रश्न विचारायचा, "काय दिसलं?" "याचं नाव काय?" असं आधी विचारलं की ज्याला नाव येत नाही तो गप्प होतो. नावं शेवटी येऊ द्या, तीही घरून. "आजीला विचारून या" एवढंच सांगायचं. एकाच झाडाची मराठीत, झाडीबोलीत आणि गोंडीत तीन नावं आली की तिन्ही फळ्यावर लिहायची.

इंग्लंडच्या डर्बी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली निसर्गाशी नातं जुळण्याच्या पाच वाटा दाखवल्या: हातानं-डोळ्यानं स्पर्श होणं, सुंदर वाटणं, आपल्यासाठी त्याला काही अर्थ असणं, भावना आणि कळवळा. नुसती माहिती या पाचांत नाही. मला ते पटलं, कारण मी एका पोराकडून ते शिकले होते.

ढिवराचा, म्हणजे मासेमाराचा मुलगा, चौथीत. जोडाक्षर आलं की अडायचा, म्हणून मागे बसायचा. ऑगस्टमधला शनिवार होता. बोडीच्या कडेला देवधान (रानटी भात) वाढलं होतं आणि मधल्या मोकळ्या पाण्यावर ताटाएवढा तांबूस डाग हलत होता. मला वाटलं कचरा आहे. तो म्हणाला, "मॅडम, थे पिल्लं हायेत. माय खाल्तं हाय, तुमाले नाही दिसन." आम्ही बसलो. डाग फुटायचा, पुन्हा जमायचा. शेकडो तांबडी पिल्लं श्वास घ्यायला वर येत होती. मग त्यांच्याखालून एक काळी पाठ वळली आणि पाणी डचमळलं. मरळ. मरळीचे नर-मादी पिल्लांची राखण करतात, कोणी जवळ आलं तर अंगावर जातात. "आता गळ टाकला तं माय लगेच धरते," तो म्हणाला, "म्हनून बाबा आता नाही टाकत." सगळा वर्ग त्याच्याभोवती गोळा झाला होता. त्या सोमवारी मी त्याचं बोलणं जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि तेच वाचनाचं पान केलं. स्वतःचं वाक्य वाचताना जोडाक्षराशी तो अडला, पण थांबला नाही.

अशी वेळ आली की तुम्ही शिकवू नका, ऐका. चावलांच्या अभ्यासातलं ते "मोठं माणूस" दर वेळी शिक्षकच असावं असं नाही. गळ न टाकणारा तो बाप तेच माणूस आहे. वर्षातून दोनदा ढिवरकाका, गुराखी, वैदू आजी यांना पाळीवर बोलवा आणि खुर्ची त्यांना द्या.

कामाला वहीत घ्या

मोहाच्या दिवसांत हजेरी घसरते. पूर्वी मी रागवायची. आता सांगते, उशिरा या, पण टोपली किती भरली ते लिहून आणा. आम्ही किलोभर ओली फुलं उन्हात वाळवली तर पाव किलोच्या आसपास भरली. अपूर्णांक शिकवायला याहून चांगलं साधन मला मिळालेलं नाही.

यातूनच अवघड विषयही निघतो. मोह नीट वेचता यावा म्हणून लोक झाडाखालचा पाला जाळतात आणि ती आग कधीकधी जंगलात जाते. यावर भाषण देऊ नका. भाषण दिलं तर मूल स्वतःच्या आईला गुन्हेगार समजू लागतं. आम्ही पाळीवरच्या दोन झाडांखाली प्रयोग केला. एकाखाली फक्त झाडून जुनी लुगडी अंथरली, दुसऱ्याखाली नेहमीसारखंच वेचलं. लुगड्यावरची फुलं मातीविना निघाली आणि वेळही कमी लागला. मुलांनी दोन्हीकडची मिनिटं लिहिली, वह्या घरी नेल्या. पुढच्या वर्षी दोन घरांनी लुगडी अंथरली, बाकीच्यांनी नाही. हे काम इतकंच हळू चालतं.

सात-आठ वर्षांच्या मुलांना वितळणारे हिमनग, जळती पृथ्वी दाखवू नका. ज्याच्यावर जीव जडायचा आहे त्याची भीती आधी घालायची नसते. ते सहावी-सातवीत बघू.

धोके

हे नीट वाचा. निघण्याआधी दामिनी ॲपवर विजेचा इशारा बघा. ढग गडगडला की लगेच परत, झाडाखाली कोणीही थांबायचं नाही. पाण्यात घोट्याच्या वर कोणी उतरायचं नाही, आणि दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस हवं. बांधीत घोणस आणि मण्यार असतात. पुढे काठी आपटत मोठ्यानं चालायचं, बिळात हात नाही. साप चावलाच तर बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिक नाही. मुलाला हलू द्यायचं नाही आणि १०८ ला फोन करून सरळ दवाखाना. मोहाच्या फुलांवर अस्वल येतं, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये ऊन वर आल्यावरच निघा आणि आदल्या दिवशी गुराख्याला विचारून घ्या. खाजकुयलीच्या शेंगा आणि बिब्याचं फळ मुलांना लांबून ओळखता आलंच पाहिजे. बिब्याच्या तेलानं कातडी फोडासारखी उठते.

सारस दिसला तर बांधावरूनच पाहा. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात उरला आहे आणि पावसाळ्यात धानात घरटं करतो. घरट्याचा फोटो आणि ठिकाण व्हॉट्सॲपवर टाकू नका.

साहेब आणि पालक

भेटीला आलेल्या एका साहेबांनी मला विचारलं होतं, "मुलं वर्गात का नाहीत?" अशा वेळी माझ्याकडे एक अभ्यास असतो. मिंग कुओ आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली नऊ-दहा वर्षांच्या मुलांवर केलेला. बाहेर हिरवळीत तास झाल्यानंतरच्या वर्गात शिक्षकांना "इकडे लक्ष द्या" म्हणावं लागण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. वर्ग दोनच होते, पण मुद्दा शिक्षकाला लगेच कळतो. पालकांना अभ्यास नको, वही दाखवा. "पोरं शिकायले पाठवतो, बोडीवर कायले नेता?" असं म्हणणाऱ्या बापाला त्याच्याच लेकीची वही वाचायला दिली. त्यानं सगळी वाचली आणि एका पानावर बोट ठेवून म्हणाला, "हे फूल चैतात येते, फागुनात नाही." मी ती दुरुस्ती त्याच्याच हातानं लिहून घेतली.

वर्ष संपलं की वह्या कपाटात टाकू नका. ज्या झाडाची वही, त्या झाडाला पुढच्या वर्षी जो निवडेल त्याला ती द्या. पाळीवरच्या तिसऱ्या मोहाला आता आठ वह्या झाल्या आहेत. यंदा तो ज्या मुलीनं घेतला ती आधी जुन्या वह्या घेऊन बसली, प्रत्येकीतली पहिल्या फुलाची तारीख शोधली आणि खाली खाली एका कागदावर उतरवून तो कागद वर्गात खिडकीशेजारी चिकटवला. नववी ओळ मार्चसाठी रिकामी सोडली आहे.