घरखर्चाची वही आणि बिले यांची सांगड कशी घालावी

बोलताना आपण बिल आणि पावती हे दोन्ही शब्द एकाच कागदासाठी वापरतो, परंतु हिशेबाच्या दृष्टीने त्यांत फरक आहे आणि तो आधी ध्यानात घेतला तर पुढचे काम सोपे होते. काय घेतले, किती घेतले आणि कोणत्या दराने घेतले हे सांगते ते बिल. पैसे समोरच्याला पावले एवढेच सांगते ती पावती. यूपीआयने पैसे दिल्यावर मोबाइलवर जी खूण उमटते ती या अर्थाने पावतीच. ६४० रुपये कोणत्या दुकानाला गेले हे तिच्यावरून कळते. ते तेलाचे होते, शाळेच्या वह्यांचे होते की पाहुण्यांसाठी आणलेल्या मिठाईचे, हे महिनाअखेरीस कोणालाच आठवत नाही. म्हणून ‘सगळे ऑनलाइन देतो, हिशेब आपोआप राहतो’ हा समज निम्माच खरा आहे.

बिलाकडून आपण दोन निरनिराळी कामे करून घेतो. वहीत आकडा उतरवणे हे पहिले काम, आणि ते झाले की वाणसामानाच्या बिलाचे आयुष्य संपते. दुसरे काम पुराव्याचे: वॉरंटी, तक्रार, विमा, प्राप्तिकर. त्यासाठी लागणारी बिले वर्षाला जेमतेम पंधरा-वीस असतात, पण ती काही वर्षे, क्वचित काही दशके जपावी लागतात. बहुतेक घरांतला गोंधळ ही दोन्ही प्रकारची बिले एकाच पिशवीत कोंबल्यामुळे होतो. आमच्याकडे तेच झाले होते. टाकीवर पाच वर्षांची वॉरंटी असलेला गिझर तिसऱ्या वर्षी गळू लागला, मी पिशवी उपडी केली, बिल सापडलेही, पण प्लॅस्टिकच्या पाकिटात व्यवस्थित ठेवलेला तो कागद दोन्ही बाजूंनी पांढराफटक झाला होता. दुकानदाराने मोबाइल क्रमांकावरून संगणकात जुनी नोंद शोधून दिली म्हणून निभावले. दुकान मधल्या काळात बंद झाले असते, तर साडेआठ हजारांच्या वस्तूचा पुरावा म्हणून आमच्याकडे एक कोरा कागद उरला असता.

दुकानातच करायचे काम

बिल मागावे, ही पहिली पायरी. जीएसटीची नोंदणी असलेल्या दुकानदाराला २०० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या खरेदीवर, ग्राहकाने मागितले नाही तर, स्वतंत्र बिल न देण्याची मुभा आहे. मागितले तर मात्र ते द्यावे लागते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार विकलेल्या मालाचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते. ‘बिल हवे असेल तर टॅक्स लागेल’ असे कोणी म्हणाले, तर त्या वाचणाऱ्या पैशांच्या बदल्यात आपण तक्रारीचा आधार सोडून देत आहोत, हे लक्षात घेऊन काय ते ठरवावे.

काउंटर सोडण्यापूर्वी बिलावरून एकदा नजर फिरवावी. एकच वस्तू दोनदा स्कॅन झालेली असणे, फळीवर लिहिलेली सवलत बिलात न उतरणे, न मागितलेल्या पिशवीचे पैसे लागणे, या तीन चुका मला वारंवार सापडल्या आहेत. तिथल्या तिथे त्या मिनिटात दुरुस्त होतात. घरी आल्यावर त्यांच्यासाठी कोणी परत जात नाही. वॉरंटीची वस्तू असेल तर बिलावर मॉडेल आणि सिरियल क्रमांक आला आहे का ते पाहावे आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का व तारीख तेव्हाच घालून घ्यावी.

सोन्याच्या बिलाकडे मात्र निवांत बसून पाहावे. त्यावर निव्वळ वजन, कॅरट, त्या दिवसाचा दर, घडणावळ आणि हॉलमार्किंगचे शुल्क वेगवेगळे दाखवलेले असावे. खडे असतील तर त्यांचे वजन आणि किंमत निराळी हवी, नाहीतर पुढे मोड देताना वजनावरून वाद होतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यांवर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असणे बंधनकारक आहे, आणि तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकून दागिन्याची शुद्धता पडताळता येते.

एक डबा आणि आठवड्यातून अर्धा तास

घरी आल्यावर बिल कुठे जाते, यावर सगळी पद्धत टिकते किंवा मोडते. जुन्या पेढ्यांवर खाली लाकडी चकती असलेली आकड्याची तार भिंतीला टांगलेली असे आणि दिवसभरातला प्रत्येक कागद त्या तारेला टोचला जाई. कागद कुठे ठेवू हा प्रश्नच कोणाला पडत नसे. घरात तारेऐवजी दाराजवळ एक उघडा डबा ठेवावा. झाकण नको, कप्पे नकोत. घरातल्या प्रत्येकाने खिसा, पर्स आणि पिशवी त्यात रिकामी करायची, एवढाच नियम असावा. डब्याजवळ वर्गवारी करायला सांगितले की मुले आणि नवरे कागद टाकायचे थांबवतात, असा माझा अनुभव आहे.

रविवारी सकाळी चहा झाल्यावर तो डबा टेबलावर ओतावा. वहीत खर्चाची खाती आठ-नऊपेक्षा जास्त नसावीत: वाणसामान, दूध-भाजी, वीज-गॅस-फोन, प्रवास, औषधपाणी, शिक्षण, घर-सोसायटी, सणवार-आहेर आणि किरकोळ. खाती वाढवली की नोंद करणारा थकतो आणि तिसऱ्या महिन्यात वही बंद पडते. वही कागदाची आहे की मोबाइलमधली स्प्रेडशीट, याने फारसा फरक पडत नाही. नोंद करणाऱ्याचा हात जिथे वळतो ती निवडावी.

आता एक बिल जवळून पाहू. गेल्या महिन्यातले सुपरमार्केटचे एक बिल २,१८४ रुपयांचे होते. ते ‘वाणसामान’ या एका शब्दाखाली वहीत गेले असते, तर किराणा महागला असा ग्रह झाला असता. खुणा करत गेल्यावर त्यात किराणा १,४६० रुपयांचा निघाला. डिटर्जंट, फिनाइल आणि साबण ३८९ रुपयांचे, वह्या-पेन १३५ रुपयांचे आणि स्टीलचा एक डबा २०० रुपयांचा. साबण-डिटर्जंट आम्ही वाणसामानातच धरतो, म्हणून त्या खात्यात १,८४९ रुपये, शिक्षणात १३५ आणि किरकोळमध्ये २०० अशी नोंद झाली. प्रत्येक बिलाची अशी चिरफाड करू नये. पाचशे रुपयांखालचे बिल ज्या खात्याचा माल त्यात अधिक असेल त्या खात्यात सबंध टाकावे. त्याहून मोठे आणि मिश्र असेल तरच फोडावे.

नोंद झालेल्या बिलावर पेनाने तिरकी रेघ मारावी, म्हणजे ते दोनदा उतरत नाही. वस्तू परत केली असेल तर मूळ नोंद खोडू नये. परताव्याची रक्कम, ती खात्यात जमा झाल्याच्या तारखेला, उणे चिन्हाने लिहावी. हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूचे बिल सबंध किमतीचे असते, पण वहीत त्या महिन्याचा हप्ताच लिहायचा असतो. दोन्ही लिहिले की खर्च दुप्पट दिसतो आणि जमाखर्च काही केल्या जुळत नाही.

यानंतर रेघ मारलेल्या बिलांचे दोन ढीग करावेत. किराणा, भाजी, पेट्रोल, हॉटेल यांचा ढीग महिना संपेपर्यंत एका पाकिटात ठेवून मग फाडून टाकावा. बिलांवर आपला मोबाइल क्रमांक असतो, म्हणून ती अख्खी रद्दीत देऊ नयेत. मी स्वतः वर्षातून एका महिन्याची, ऑक्टोबरची, वाणसामानाची बिले मागे ठेवते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, शाम्पू आणि टूथपेस्ट यांच्यावरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा आधीच्या वर्षाची बिले हाताशी असल्याने बिलावरचा दर खरोखर किती उतरला हे ताडून पाहता आले. महागाईविषयी घरात होणाऱ्या वादांनाही त्यामुळे आकडा मिळतो.

फाइलमध्ये काय जावे आणि किती वर्षे राहावे

दुसरा ढीग पुराव्याचा. त्यातले बिल थर्मल कागदावर, म्हणजे गुळगुळीत आणि किंचित चकचकीत कागदावर असेल तर त्याच दिवशी त्याचा फोटो किंवा स्कॅन करावा. या कागदावर शाई नसते. उष्णतेने काळा पडणारा रासायनिक लेप असतो. म्हणून गाडीत उन्हात राहिलेले बिल काळे पडते, आणि प्लॅस्टिकचे पाकीट, चिकटपट्टी किंवा तेलाचा हात लागलेले बिल पुसट होत जाते. माझ्या गिझरचे बिल जपण्याच्या नादातच गेले होते. अशी बिले साध्या कागदी पाकिटात ठेवावीत आणि मोठ्या खरेदीची साध्या कागदावर झेरॉक्स काढून जोडावी.

फोटोला नाव देताना तारीख वर्षापासून सुरू करावी, उदाहरणार्थ ‘२०२५-१०-२१ फ्रिज’, म्हणजे संगणक ती आपोआप क्रमाने लावतो. ऑनलाइन खरेदीचे बिलही अ‍ॅपमध्ये आहे म्हणून निश्चिंत राहू नये. ते डाउनलोड करून याच फोल्डरमध्ये घालावे, कारण क्रमांक बदलला किंवा खाते बंद झाले की ते सहजी मिळत नाही.

वॉरंटी असलेल्या वस्तूचे बिल वस्तू घरात आहे तोवर ठेवावे. फ्रिजच्या कॉम्प्रेसरसारख्या भागावर दहा वर्षांचीही वॉरंटी असते, तेव्हा ‘मुदत संपली असेल’ असे अंदाजाने ठरवू नये. ज्यावर वॉरंटी नाही अशा हजार-दोन हजारांवरच्या वस्तूचे बिल किमान दोन वर्षे ठेवावे, कारण ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. आयोगाकडे जाण्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि तिथेही बिलाची प्रत हाताशी असलेली बरी.

औषधांच्या बिलांचे दोन उपयोग आहेत. इस्पितळातून घरी आल्यावरच्या औषधांची भरपाई विमा कंपनीकडून मिळायची असेल, तर मूळ बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकत्र टाचून ठेवावी. ज्या ज्येष्ठ नागरिकांचा आरोग्य विमा नाही, त्यांच्या औषधोपचारावरच्या ५०,००० रुपयांपर्यंतच्या खर्चाची वजावट प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत मिळते, मात्र तो खर्च रोखीने केलेला नसावा. म्हणून आई-वडिलांची औषधे आणताना सुट्या नोटा काढण्याऐवजी कार्ड किंवा यूपीआय वापरावे आणि बिलावर रुग्णाचे नाव लिहून घ्यावे.

सोने आणि घर यांची बिले कधीच टाकू नयेत. दागिना विकताना झालेल्या नफ्यावर कर लागतो आणि तो नफा मोजायला खरेदीची किंमत सिद्ध करावी लागते. घराचेही तसेच आहे: वाढवलेली खोली, बांधून घेतलेली बाल्कनी यांवरचा खर्च घर विकताना नफ्यातून वजा करता येतो, पण केवळ रंगकाम आणि किरकोळ दुरुस्ती त्यात धरली जात नाही. कंत्राटदाराकडून वहीच्या फाटक्या पानावर ‘रोख मिळाले’ एवढे लिहून न घेता त्याचे नाव, कामाचे वर्णन आणि तारीख असलेले बिल घ्यावे, आणि पैसे बँकेतून द्यावेत.

ज्याला बिलच नसते तो खर्च

भाजीवाली, रिक्षा, घरकामाच्या मावशींचा पगार, लग्नातला आहेर, देवळातली दक्षिणा यांचा कागद कधी मिळायचा नाही. दूध, वर्तमानपत्र आणि मावशींचे खाडे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत लिहिण्याची आपली जुनी पद्धत अजूनही सर्वांत पक्की आहे. महिना संपला की पान उलटण्याआधी तिथूनच आकडे वहीत घ्यावेत. उरलेल्या रोख खर्चासाठी एटीएममधून पैसे काढले की चिठ्ठी डब्यात टाकावी, रविवारी पाकिटात किती उरले ते मोजावे, आणि मधली रक्कम आठवेल तेवढी वाटून बाकीची किरकोळमध्ये घालावी.

महिन्याच्या शेवटी बँकेचे विवरण उघडून त्यातला एकूण खर्च वहीतल्या रोख नसलेल्या खर्चाशी ताडावा. फरक दोन-तीनशेचा असेल तर किरकोळमध्ये टाकून उठावे. त्या रकमेसाठी रविवार घालवण्यात अर्थ नाही. हजाराच्या वर असेल तर बहुधा एखादे वर्गणीचे स्वयंचलित पेमेंट, अ‍ॅपमधली खरेदी किंवा कोणाच्या तरी खिशात राहिलेले बिल निघते.

वर्षातून एकदा, मार्च संपताना, फाइल उघडून घरपट्टी, विमा आणि शाळेची फी या मोठ्या पावत्यांची बेरीज करावी आणि तिला बाराने भागून येणारा आकडा एप्रिलपासून दर महिन्याच्या अंदाजपत्रकात बाजूला काढावा. घरातून गेलेल्या वस्तूंची बिले त्याच बैठकीत फाडावीत. जुने कपाट किंवा टीव्ही विकला असेल तर त्याचे बिल घेणाऱ्याला देऊन टाकावे. आणि फाइल कोणत्या कपाटात, कोणत्या खणात आहे, फोटोंचे फोल्डर कोणत्या खात्यावर आहे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून घरातल्या आणखी एका व्यक्तीकडून ते एकदा शोधून काढून दाखवायला सांगावे.