परदेशी निघालाय? आधी कोल्हापूरच्या घरातला फोन बघा, आणि या चुका टाळा

परदेशी जाणारी पोरं तिकडच्या सिमची चौकशी महिनाभर आधीपासून करतात. कुठला प्लॅन, किती जीबी, कुठलं ॲप. इकडं राजारामपुरीतल्या किंवा कसबा बावड्यातल्या घरात आई-आप्पांच्या हातात स्टोरेज भरलेला जुना फोन असतो आणि कपाटावर धूळ खात बसलेला राउटर. त्याची चौकशी कुणीच करत नाही. कॉल बिघडतो तो बहुतेक वेळा याच टोकाला, आणि तो नीट करणारा घरातला एकमेव माणूस तेव्हा विमानात बसून गेलेला असतो.

बँकेचं सिम घरी ठेवून जाणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बँकेला जोडलेलं सिम आईच्या जुन्या फोनात घालायचं आणि ओटीपी आला की व्हॉट्सॲपवर विचारायचं, "आई, मेसेजमधले आकडे सांग गं." सोय वाटते. पण रोज हे करून आपण तिला सवय कसली लावतो? फोन येतो, समोरचा घाईत असतो, आणि मेसेजमधले आकडे वाचून दाखवायचे असतात. उद्या कुणी "बँकेतून बोलतोय" म्हणून हेच विचारलं, तर ती आकडे सांगून मोकळी होणार. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार करत बसायचं. आईला एकच गोष्ट सांगून ठेवा: ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, मी मागितला तरी नाही.

तेव्हा सिम सोबत न्या. निघण्याआधी इथूनच इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या. बहुतेक भारतीय कंपन्या रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसचे पैसे घेत नाहीत. डेटा रोमिंग मात्र बंद ठेवायचं आणि त्या नंबरवर आलेला कॉल उचलायचा नाही, कारण त्याचे पैसे पडतात. रिचार्जची तारीख मोबाईलच्या कॅलेंडरात टाका. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे प्रीपेड नंबर ९० दिवस काहीच न वापरता पडून राहिला तर कंपनी तो बंद करू शकते. असा नंबर पुढं दुसऱ्या कुणाला तरी मिळतो आणि तुमच्या बँकेचे मेसेज त्याला जायला लागतात.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी अजून एक. आयफोन १४ पासून तिकडं विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा कप्पाच नसतो. तिकडं जाऊन नवा फोन घ्यायचा बेत असेल तर इथला जुना फोन भावाला देऊन टाकू नका, तो सोबत न्या आणि सिम त्यातच राहू द्या. ईसिम (कार्डाशिवायचं, फोनातच बसणारं सिम) करायचं असेल तर निघायच्या आदल्या रात्री नको. सिम बदललं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवतात.

"लावतोय, पण उचलत नाहीत"

व्हॉट्सॲपच्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते आधी वाचा. नुसतं "कॉलिंग" दिसत राहिलं तर तुमचा कॉल घरच्या फोनपर्यंत पोचलेलाच नाही. एक तर तिथं नेट नाही, नाहीतर फोनच्या बॅटरी सेव्हरनं ॲप झोपवून ठेवलंय. स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनांत हा प्रकार लई. सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सॲपला बॅटरीच्या बंधनातून मोकळं करा. "रिंगिंग" दिसत असेल तर फोनपर्यंत कॉल पोचलाय. आवाज बंद असेल, नाहीतर आई अंबाबाईला गेली असेल आणि फोन घरी चार्जिंगला असेल. यात तंत्र काही नाही, थोड्या वेळानं लावा.

नव्या परदेशी नंबरवरून पहिल्यांदा कॉल करताना वेगळी अडचण येते. व्हॉट्सॲपमध्ये अनोळखी नंबरांचे कॉल गप्प करण्याची सोय आहे. घरातल्या कुणीतरी ती सुरू करून ठेवली असेल तर तुमचाही कॉल गप्पच राहणार. शिवाय परदेशी नंबर उचलू नका, फसवणूक असते, हे आता प्रत्येक आप्पांना पाठ झालंय, आणि ते बरोबरच आहे. म्हणून तिकडं पोचल्यावर जुन्या व्हॉट्सॲपवरून आधी नवा नंबर पाठवा, देशाच्या कोडसकट सेव्ह करायला लावा, मगच त्यावरून कॉल करा. परदेशातून बोलताना समोर आपला भारतीय नंबर दाखवणाऱ्या ॲपांच्या नादी मात्र लागू नका. ऑक्टोबर २०२४ पासून परदेशातून येणारे पण भारतीय नंबर दाखवणारे बनावट कॉल अडवणारी यंत्रणा सरकारनं सुरू केलीय.

लँडलाईन काढून टाकण्याची घाई

ज्यांच्या आजीला स्मार्टफोनचा हिरवा गोळा वर सरकवता येत नाही, त्यांनी हे नीट वाचावं. घरात फायबरचं नेट आलं असेल तर त्या डब्याच्या मागं बहुतेक वेळा टेलिफोनची खाच असते. त्यात जुना बटणांचा फोन जोडून कंपनीकडून आवाजाची सेवा सुरू करून घेतली की ०२३१ चा नंबर चालू. मग तिकडून साध्या फोन नंबरवर कॉल लावणाऱ्या एखाद्या ॲपनं, व्हायबर आउट वगैरे, थेट त्या नंबरवर लावायचं. आजीनं फक्त रिसीव्हर उचलायचा. स्काईपचा भरवसा धरून बसलेल्यांनी तो सोडावा. ते ५ मे २०२५ ला बंद झालं.

नंबर लावताना शून्य गाळायचा: +९१ २३१ आणि पुढं सात आकडे. +९१ ०२३१ असं लावून "नंबर चुकीचा आहे" ऐकणारे अजूनही भेटतात. उलट बाजूला, आजी लँडलाईनवरून नातवाच्या इथल्या मोबाईलला लावत असेल तर १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लावावा लागतो. डायरीतले जुने नंबर त्याप्रमाणे दुरुस्त करून ठेवा.

एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधूनच यायची, त्यामुळं घरातली लाईट गेली तरी तो वाजायचा. फायबरचा फोन घरच्या विजेवर चालतो. लाईट गेली की फोनही गेला. इन्व्हर्टर असेल तर राउटर त्याच्या प्लगवर घ्या, नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस बसवा. काही घरांत फायबरचा डबा वेगळा आणि राउटर वेगळा असतो. यूपीएस एकालाच लावून काही उपयोग नाही.

आवाज तुटतो, घुमतो, एकाचाच ऐकू येतो

नेटचा प्लॅन वाढवून हे क्वचितच सुटतं. नुसत्या आवाजाच्या कॉलला १०० केबीपीएसच्या आसपास पुरतं, अडचण वायफायच्या अंतरात असते. मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींतून सिग्नल माजघरापर्यंत जाईपर्यंत गळपटतो. राउटर कपाटावरून काढून, जिथं बसून बोलतात त्या खोलीत आणा. व्हिडिओ बंद करून बघा. तेवढ्यानं सुधारलं तर दोष नेटचा, नाहीतर फोनचा.

आपलाच आवाज परत ऐकू येत असेल तर तो समोरच्याच्या स्पीकरमधून त्याच्याच माइकमध्ये शिरतोय. आप्पांना इअरफोन द्या आणि मालिका चालू असेल तर टीव्हीचा आवाज कमी करायला सांगा. दोघं एकदम बोलतात आणि एकदम थांबतात, याला मात्र इलाज नाही. इथून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत आवाज पोचायलाच एका बाजूनं साधारण दशांश सेकंद लागतो. वाक्य संपल्यावर किंचित थांबायची सवय करा.

तिकडचा इंटरनेट फोनचा डबा कोल्हापुरात आणून लावला आणि एकाच बाजूचा आवाज येऊ लागला, तर राउटरमधली एसआयपी एएलजी (SIP ALG) ही इंटरनेट कॉलमध्ये लुडबुड करणारी सेटिंग बंद करून बघा. बऱ्याचदा एवढ्यानंच सुटतं.

दुबई-अबुधाबीवाल्यांनी यात डोकं घालू नये. यूएईत व्हॉट्सॲपचे कॉल बंदच आहेत, मेसेज तेवढे जातात. परवानगी असलेलं बोटिमसारखं ॲप विमान चढण्याआधी आईच्या फोनातही घालून, एकदा लावून दाखवा.

रात्री दोनला फोन

भारतातलं घड्याळ बदलत नाही, तिकडचं बदलतं. न्यूयॉर्कशी फरक उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. लंडनशी साडेचार आणि साडेपाच. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढं करते, युरोप शेवटच्या रविवारी. रात्री साडेआठची वेळ ठरवली असेल तर ती कोल्हापूरची धरा, जुळवून घेणं तरण्या पोरांनी करावं.

पुरात काय?

पंचगंगेला पूर आला की नदीकाठच्या भागात वीज बंद होते, मग टॉवरही डळमळतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये हे झालंय. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीकडं निघालं की घरी फोन करून पॉवर बँक भरून ठेवायला सांगा.

फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा लाल चमकत असेल तर तार कुठंतरी तुटलीय. अशा वेळी आईला दहा वेळा स्विच बंद-चालू करायला लावू नका, नेटवाल्याला फोन करा. त्याचा नंबर तुमच्याकडं हवा, आईकडं नाही. तसंच शेजाऱ्यांचे, गल्लीतल्या एका पोराचे आणि जवळच्या दवाखान्याचे नंबरही +९१ लावून सेव्ह करून ठेवा. परदेशातून ११२ हा आपत्कालीन नंबर लावला तर तिथलीच यंत्रणा उचलते, कोल्हापूरची नाही. आप्पा पडले तर तिकडून आधी शेजारच्या काकूंना लावायचं, मग त्या ११२ ला लावतील.